मन्मथ कोरेची शुक्रवारची खेप

मन्मथ कोरे हा मुळातच जिवाला घोर लावून घेणारा माणूस. जळकोटात त्यानं बावीस वर्षं शाळेची गाडी चालवली, आणि त्या बावीस वर्षांत पोरं मोजल्याशिवाय एकदाही गिअर टाकला नाही. शाळेच्या दारात मोजायचा, वस्तीवर उतरवताना मोजायचा, आणि गाडी रिकामी झाली तरी वाकून मागच्या सीटखाली बघायचा. "झोपीत बी बोटं मोजता तुम्ही," असं त्याची बायको नीलम्मा म्हणायची. तो ओशाळून हसायचा. सवय काही सुटली नाही.

पुढं शाळेनं मोठी बस घेतली, तेव्हा मन्मथनं स्वतःची गाडी केली. हैदराबादच्या एका डॉक्टरानं वापरून विकलेली, सात माणसांची, पेट्रोलवर चालणारी, दोन हजार पाचचं मॉडेल. लग्नाची भाडी, देवदर्शनाची भाडी करत करत शेवटी तिला एक कायमचं काम चिकटलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोन माणसांना लातूरला डायलिसिसला न्यायचं आणि संध्याकाळपर्यंत परत आणायचं.

त्यातले एक शरदचंद्र गुरुजी. गणिताचे निवृत्त शिक्षक, अडुसष्ट वय, बोलणं मोजकं. दुसरी नागम्मा. गावातल्या किराणा दुकानदाराची आई, सत्तरी ओलांडलेली, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. मन्मथ तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा. दोघांची मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, तेव्हा कुठं पुढचे तीन दिवस पदरात पडायचे.

दोन हजार सोळाचा उन्हाळा आला तेव्हा या कामाची तऱ्हाच बदलली. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. लातुरात टाक्यांभोवती पोलीस उभे राहिले, आणि पुढं मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं. जळकोटला आठवड्यातून एकदा टँकर. गावातली माणसं टँकरमागं पळत होती, आणि डायलिसिसला तर एका माणसाच्या एका खेपेला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी लागतं, तेही शुद्ध केलेलं. लातूरच्या त्या सेंटरमध्ये जगदेवी नावाची सिस्टर होती. तिनं मार्चमध्येच सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं.

"बघा, आता तीनच्या दोन पाळ्या झाल्यात. तुमची पाळी सकाळी नऊ ते एक. टाकीत पाणी मोजून येतं. उशीर केला तर राहिलेल्या वेळात जेवढं होईल तेवढं. आणि चुकलात तर मधे घुसवायला माझ्याकडं जागा नाही."

तेव्हापासून मन्मथ पहाटे चारला उठायला लागला. लातूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. वेळेत पोचवणारी एसटी नव्हती, आणि डायलिसिस झाल्यावर माणूस असा गळून जातो की त्याला बसमध्ये उभं करणं शक्य नसतं. लग्नसराईमुळं गावातल्या जीपा महिनाभर आधीच ठरलेल्या. म्हणजे मन्मथची गाडी गेली तरच ते दोघं जाणार, एवढा सरळ हिशेब होता.

गुरुजी कधीतरी बोलायचे. एकदा टँकरची रांग बघून म्हणाले, "गंमत बघ मन्मथ. गावात पाणी मिळत नाही, आणि माझ्या अंगात मावत नाही. दिवसाला एक लिटरच्या वर मला मनाई."

"उदगीर जिल्हा झाल्यावर सोपं व्हील गुरुजी," नागम्मा म्हणाली. "समदे म्हणायलेत, नवा जिल्हा व्हणार. मंग तिथंच मोठा दवाखाना. आपल्याला पंचवीस किलोमीटरच जावं लागंल."

"होईल तेव्हा होईल अव्वा," मन्मथ म्हणाला. "तोवर ही गाडी टिकली पायजे."

गाडीचं दुखणं मार्चच्या सुरुवातीला सुरू झालं. आधी समोरच्या काचेखाली इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला. मग पेट्रोल जास्त लागायला लागलं. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरली, आणि गाडी उभी केली की पेट्रोलचा उग्र वास आत यायचा. त्या वासानं नागम्माला मळमळायचं. ती पदर नाकाला लावून बसायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणं मन्मथला जास्त लागायचं.

गावात संगप्पा हुडेचं गॅरेज होतं. संगप्पा आणि मन्मथ पहिलीपासूनचे सोबती. जीप, ट्रॅक्टर, टेम्पो, काहीही आणा, संगप्पा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. मन्मथनं त्याच्याकडं गाडी नेली. संगप्पानं प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला, पेट्रोलची नळी साफ केली. दिवा गेला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सगळं उघडलं. दिवा तसाच.

तिसऱ्यांदा मन्मथ गेला तेव्हा संगप्पा म्हणाला, "बस तू चा पी. करून ठेवतो."

चहा पिऊन आला तर दिवा विझलेला. मन्मथ हरखून गेला. "काय होतं रे?"

"काय न्हाई. बल्ब काढून टाकला. आता दिवा दिसणारच न्हाई. लई घोर करतो तू. गाडी चालून राहिली ना? मंग?"

संगप्पाशी वाद घालायची मन्मथला सवय नव्हती. पण त्या दिवसापासून त्याचा घोर दुप्पट झाला. दिवा लागलेला असताना निदान तो लागलाय हे तरी दिसत होतं. आता त्या काळ्या जागेकडं त्याची नजर सारखी जायची, आणि आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, चाकूरच्या थोडं अलीकडं, गाडी चालता चालता मेली. धक्का नाही, आवाज नाही. पायाखालचा जोर एकदम गेला आणि गाडी आपल्या वजनानं घरंगळत रस्त्याच्या कडेला थांबली. सकाळचे पावणेआठ. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, सावलीला एक बाभूळ.

मन्मथनं चावी फिरवली. नुसता स्टार्टर फिरत राहिला. बॉनेट उघडलं, वायरी हलवून बघितल्या, बॅटरीवर हात मारला. मागून नागम्मा म्हणाली, "मन्मथा, घाई नको करू. आमी बसलाव निवांत." पण गुरुजी घड्याळाकडं बघत होते, ते त्यानं आरशात पाहिलं.

दीड तास तो चुकीच्या जागी शोधत राहिला. मग शाळेच्या गाडीवर असताना शिकलेलं काहीतरी आठवलं, आणि त्यानं स्टिअरिंगखालची फ्यूजची डबी उघडली. एकेक फ्यूज उपसून उजेडात धरला. सातव्याची तार जळून तुटलेली. जादा फ्यूज जवळ नव्हता. हॉर्नचा फ्यूज तसाच दिसत होता, तो काढून तिथं दाबला. गाडी सुरू झाली. लातूरच्या गर्दीतून तो हॉर्नशिवाय, हात बाहेर काढून ओरडत गेला. सेंटरच्या दारात पोचला तेव्हा साडेदहा वाजत आले होते.

जगदेवी सिस्टर रागावली नाही, तेच वाईट. तिनं दोघांचं वजन घेतलं, कागदावर लिहिलं आणि म्हणाली, "अडीच तास देते. चार देता येत नाहीत. पुढची माणसं दारात बसलीत."

"सिस्टर, चूक माझी हाय. त्यांची न्हाई."

"दादा, पाण्याला कुणाची चूक ते कळत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

ते अडीच तास मन्मथनं बसून काढले नाहीत. चौकात विचारत विचारत तो रामकिशन नावाच्या एका मेकॅनिककडं पोचला. त्याच्याकडं गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं स्कॅनर मशीन होतं. रामकिशननं स्टिअरिंगखाली वायर खोचली, पडद्यावरचे आकडे बघितले, मग हातबॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. पाचएक मिनिटांनी बाहेर आला.

"मामा, ऑक्सिजन सेन्सर गेलेत. दोन्ही."

ऑक्सिजन म्हटल्यावर मन्मथच्या डोळ्यांपुढं दवाखान्यातली नळकांडी आली. रामकिशन हसला आणि त्यानं समजावून सांगितलं. सायलेन्सरच्या नळीत स्पार्क प्लगसारखं एक बोंड बसवलेलं असतं. जळालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते हे बोंड हुंगतं आणि कॉम्प्युटरला कळवतं. त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो, पेट्रोल किती सोडायचं. या गाडीला तशी दोन आहेत, एक पुढं, एक मागं.

"पुढचा म्हातारा झालाय. कायम एकच सांगतो, पेट्रोल कमी पडलंय. म्हणून कॉम्प्युटर ओतत बसलाय. मागच्याची तार नळीला चिकटून वितळलीय. ती टेकली की फ्यूज उडतो आन् गाडी जागेवर बसते. दिवा लागला नव्हता का?"

"लागला होता," मन्मथ म्हणाला.

"लई दिवस वाट बघितली तुमी."

सेन्सर रामकिशनकडं नव्हते. एवढ्या जुन्या मॉडेलचे लातुरात कुणाकडंच नव्हते. नांदेडला एका दुकानात मिळतील म्हणून त्यानं चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. वितळलेली तार टेप गुंडाळून वर बांधली, नवा फ्यूज घातला, हॉर्नचा जागेवर लावला. "एवढ्यावर घरी जाल. सेन्सर आणले तर पुढच्या मंगळवारी बसवून देतो. शुक्रवारचं मात्र मी सांगू शकत न्हाई."

परतीच्या वाटेवर नागम्मानं विचारलं, "काय म्हनला मेकॅनिक?"

"ऑक्सिजनचं कायतरी बिघडलंय, अव्वा."

"अगं बया! गाडीला बी ऑक्सिजन लावायची पाळी आली का? मला वाटलं आमचाच नंबर आधी." ती हसली. गुरुजी हसले नाहीत. ते सीटवर मान टाकून डोळे मिटून पडले होते, आणि त्यांचे पाय चपलेत मावत नव्हते.

बुधवारी पहाटे मन्मथ एसटीनं नांदेडला गेला. दुकान चंद्रप्रभा नावाची बाई चालवत होती. पन्नाशीची, चष्मा साखळीला अडकवलेला, भिंतभर खोक्यांमधून न बघता नेमकं खोकं काढणारी. तिनं चिठ्ठी वाचली, गाडीचा चासी नंबर विचारला आणि जाड कॅटलॉग उघडला.

"पुढचा आहे. मागचा नाही."

मन्मथचा चेहरा बघून ती क्षणभर थांबली. "एवढं काय अडलंय भाऊ?"

त्यानं सांगितलं. सगळंच सांगून टाकलं, दिव्यापासून गुरुजींच्या पायांपर्यंत. ओळख ना पाळख, अशा बाईपुढं आपण एवढं का बोलतोय हे त्यालाही कळलं नाही. चंद्रप्रभानं फोन उचलला. हदगावच्या एका मेकॅनिकनं दोन दिवसांपूर्वी तसाच मागचा सेन्सर नेला होता. तो त्याच्या गाडीला लागत नव्हता आणि अजून न वापरता पडून होता. "आत्ताच्या आत्ता बसमध्ये टाकून द्या," तिनं त्याला सांगितलं. मग मन्मथकडं वळून म्हणाली, "दीडच्या गाडीनं निघेल. कंडक्टरकडं पुडकं असेल. साडेतीनपर्यंत स्टँडवर थांबा."

साडेतीन वाजले. चार वाजले. नांदेडच्या स्टँडवर पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. मन्मथ फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होता. हदगावची पाटी असलेली प्रत्येक गाडी आली की धावत जायचा. एका कंडक्टरनं तर वैतागून सांगितलं, "मामा, माझ्याकडं कायबी न्हाई, खिसा दावू का?" जळकोटकडं जाणारी शेवटची सोयीची गाडी साडेपाचला होती. पुडकं आलं नाही तर काय, पुडकं आलं आणि ती गाडी गेली तर काय, पुडक्यात भलतंच निघालं तर काय. त्याचं डोकं नुसतं भणभणायला लागलं.

पावणेपाचला गाडी आली. कंडक्टरनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खोकं हातात दिलं. मन्मथ तसाच दुकानात पळाला. चंद्रप्रभानं खोकं उघडून सेन्सरचं टोक नीट निरखलं. कुठं काळं नाही, कुठं ओरखडा नाही.

"कोरा आहे. आता ऐका. टोकाला हात लावायचा नाही, तेल-ग्रीस लागू द्यायचं नाही. तार कापून जोड मारायचा नाही, सॉकेटला सॉकेट. आणि जुना थंड नळीतून निघत नसतो. इंजिन गरम करून काढा. बसवणार कोण आहे?"

मन्मथ घुटमळला. "हाय आमच्यात एक."

गुरुवारी सकाळी गुरुजींच्या घरावरून जाताना त्यानं आत डोकावलं. गुरुजी खाटेवर उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की दम लागत होता. त्यांची पत्नी प्रमोदिनीबाई दारात आल्या. त्यांनी दोष दिला नाही, रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "उद्या वेळेवर निघूया हं, मन्मथ."

तिथून तो सरळ गॅरेजवर गेला आणि दोन्ही खोकी संगप्पाच्या पुढं ठेवली.

संगप्पानं खोक्यांकडं बघितलं, मन्मथकडं बघितलं. "हे काय?"

"गाडीचं खरं दुखणं. लातूरच्या मेकॅनिकनं मशीन लावून काढलंय."

"मंग त्याच्याकडंच जायचं. मला कशाला दावतो?"

"उद्या शुक्रवार हाय, संगप्पा. गुरुजींना रात्री झोपता येईना. अडीच तासाच्या वर सिस्टरनं दिलं न्हाई, कारण मी उशिरा पोचलो. उद्या गाडी मधे मेली तर..." मग आजवर मित्राशी कधी बोलला नव्हता त्या आवाजात म्हणाला, "तू बल्ब काढलास. माझा घोर कमी करायला काढलास, ते मला म्हाईत हाय. पण तू मला सांगायचं होतं, की मला समजंना."

संगप्पानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"समजंना असं तीस वर्षांत कुणाला सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "गावात संगप्पाला समजत न्हाई असं झालं, तर गॅरेजवर कोण येईल? या कॉम्प्युटरच्या गाड्या आल्यापासून मला झोप न्हाई मन्मथ. तुझ्यासारखा मी बोलून दावत न्हाई, एवढंच." मग उठला. "लाव गाडी खड्ड्यावर. त्या बाईनं काय काय सांगितलं, समदं सांग. एक बी शब्द सोडू नको."

दुपारी बारापासून काम सुरू झालं. दहा मिनिटं इंजिन चालवायचं, बंद करायचं, गंज सोडवायचं तेल आट्यांवर सोडायचं, थांबायचं, पुन्हा चालवायचं. पुढचा सेन्सर चौथ्या वेळी कर्रकन आवाज करून सुटला. संगप्पानं तो उजेडात धरला. टोक कोळशासारखं काळं झालेलं. नवा हातानंच फिरवत बसवला, शेवटी पान्यानं आवळला.

मागचा हट्टी निघाला. अर्धा फेरा फिरला आणि अडकला. संगप्पानं पान्याला पाइप लावून जोर लावला, आणि मनगट तापल्या नळीला टेकलं. तो हात धरून खड्ड्यातच खाली बसला. डबा घेऊन आलेली नीलम्मा तांब्या घेऊन धावली.

"पिण्याचं पाणी हाय ते वहिनी, नका ओतू," संगप्पा दात आवळून म्हणाला. "टँकर सोमवारी हाय."

"गप बसा जरा," नीलम्मा म्हणाली, आणि सगळा तांब्या त्याच्या मनगटावर धार धरून ओतला.

मग पान्यावर मन्मथ आला. दोघांच्या जोरानं सेन्सर निघाला, पण नळीतले आटे सोबत घेऊन निघाला. नवा लावायला गेले तर एक फेरा फिरून तिरका बसायला लागला. संगप्पानं तो लगेच मागं घेतला. चार वाजत आले होते.

"आटे गेले," तो म्हणाला.

नवे आटे पाडायला उदगीरला लेथवाल्याकडं न्यायचं तर नळी उतरवावी लागणार, नळी उतरवायची तर बोल्ट तुटणार, आणि बोल्ट तुटले की शुक्रवार गेला. मन्मथ खड्ड्याच्या कडेला बसला. उशांना टेकलेले गुरुजी, दारात उभ्या प्रमोदिनीबाई, कागदावर लिहिणारी सिस्टर, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

संगप्पा नवा सेन्सर हातात घेऊन त्याच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवत होता. टोकाला हात लागू न देता, सावकाश, दोनदा. मग उठला, आतल्या खोलीत गेला. लोखंडी पेटी सरकवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक हत्यार होतं, बोटाएवढं जाड, दातेरी.

"जुन्या जीपांना, इंजिनांना मोठा प्लग यायचा, अठरा एमेमचा," तो म्हणाला. "त्याचे आटे साफ करायचा टॅप हाय हा. वीस वर्षं झाली, हात लावला न्हाई." त्यानं टॅपचे दाते सेन्सरच्या आट्यांवर आडवे टेकवले आणि उजेडाकडं धरले. दातात दात बसला. मधे फट दिसेना. "हे बघ. नावं बदलली रे, आटे त्येच हायेत."

त्यानं टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस नळीत न पडता त्याला चिकटेल. मग भाजलेल्या हातानंच कामाला लागला. पाव फेरा पुढं, थोडा मागं. पाव फेरा पुढं, थोडा मागं. मन्मथ बॅटरी धरून बसला. बॅटरीचा उजेड हलायला लागला की संगप्पा नुसता "हं" करायचा आणि मन्मथ दोन्ही हातांनी धरायचा. पाऊण तासानं टॅप बाहेर आला, ग्रीसमध्ये चकाकणारा कीस घेऊन. नळीचं तोंड पुसून संगप्पानं सेन्सर लावला. तो हातानं फिरत फिरत, कुठं न अडता, तळापर्यंत गेला.

तार नळीपासून लांब, पट्टीनं बांधली. गाडीच्या बॅटरीची वायर काढून कॉम्प्युटरला थोडा वेळ गप्प ठेवलं, परत जोडली. मन्मथ चावीला हात घालणार, तेवढ्यात संगप्पा म्हणाला, "थांब." तो समोरच्या काचेखाली वाकला, दहाएक मिनिटं खटपट करत राहिला. बल्ब परत बसवून झाल्यावर म्हणाला, "आता लाव."

चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला. दोघं त्या विझलेल्या जागेकडं टक लावून बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दिवा लागला नाही.

"जा आता घरी," संगप्पा म्हणाला. मन्मथनं त्याचा न भाजलेला हात दोन्ही हातांत धरला.

त्या रात्री मन्मथला झोप लागली नाही हे सांगायला नको. पहाटे साडेपाचला गाडी निघाली. गुरुजींना धरून बसवावं लागलं. मन्मथची एक नजर रस्त्यावर, एक दिव्याच्या जागेवर, आणि कान इंजिनाकडं. अहमदपूर मागं पडलं. चाकूरच्या अलीकडं ती बाभूळ दिसायला लागली, तशी नागम्मा बोलायची थांबली. बाभूळ आली, शेजारून गेली, मागच्या काचेत बारीक होत गेली. गाडी पळत होती.

"वास बी न्हाई आज," नागम्मा म्हणाली, आणि तिनं नाकावरचा पदर काढला.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी सेंटरच्या दारात उभी राहिली. सिस्टरनं वजन घेतलं. गुरुजींच्या अंगात पावणेपाच किलो जादा पाणी साठलेलं. तिनं भुवया उंचावल्या, पण म्हणाली एवढंच, "आलात ना वेळेवर. आता पूर्ण चार तास." दुपारी गुरुजी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले. हळूहळू, भिंतीचा आधार घेत, पण चालत. मन्मथ गाडीत स्टिअरिंगवर डोकं ठेवून गाढ झोपला होता. नागम्मानं काच वाजवून उठवलं तेव्हा तो दचकला आणि आधी त्यानं घड्याळ बघितलं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी पाऊस आला, आणि आला तो भरपूर आला. सेंटरच्या तीन पाळ्या परत सुरू झाल्या. उदगीर जिल्ह्याचं बोलणं बोलण्यातच राहिलं. गुरुजी पुढं पावणेदोन वर्षं जगले, एकही खेप न चुकवता, आणि एका हिवाळ्यात घरी, आपल्या खाटेवर गेले. नागम्मा त्यानंतरही मन्मथच्या गाडीत मागच्या सीटवर आपल्या जागी बसून जात राहिली. गुरुजींच्या जागेवर मात्र ती कधी बसली नाही.

संगप्पाची गोष्ट थोडी वेगळी झाली. जूनमध्ये तो एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मन्मथच्या दारात आला. नांदेडला मेकॅनिक लोकांना स्कॅनर शिकवायचा चार दिवसांचा वर्ग होता. मधल्या काळात सुटे भाग मागवताना चंद्रप्रभाबाईंनीच त्याला फोनवर कळवलं होतं. वर्गात बाकीचे सगळे विशी-पंचविशीतले असणार होते.

"अठ्ठावन्न वय माझं," संगप्पा म्हणाला. "एकटं जायला लाज वाटते. तू चल. नुसता बाजूला बस."

मन्मथ चारही दिवस त्याच्याशेजारी बसला. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यानं विचारलं, कुणाला काही समजलं नाही का. कुणाचाच हात वर गेला नाही. संगप्पानं मनगटावर डाग असलेला हात वर केला आणि म्हणाला, "मला. पुन्हा पहिल्यापासून सांगा."